मागची काच

आमच्या बेटावर बोट धक्क्याला लागते ती पाठमोरी, आणि तिच्या पोटात गाडी घालायची तीही पाठमोरीच. का, तर अथेन्सच्या बंदराला, पिरेआसला, उतरताना प्रत्येकाला नाकासमोर सरळ बाहेर पडता यावं. ऐकायला किती सोपं! पण अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने साडेसहा मीटरची गाडी, हलणाऱ्या रॅम्पवरून, दोन ट्रकांच्या मधल्या फटीत रिव्हर्स घालायची, आणि तीही सगळं गाव धक्क्यावर उभं राहून फुकटचे सल्ले देत असताना, हे काय प्रकरण असतं ते मला विचारा. माझं नाव आर्गिरो. आणि जीभ माझी जरा तिखट आहे, आधीच सांगून ठेवते.

ही गाडी पूर्वी ब्रेडची होती. माझ्या नवऱ्याने, पांदेलिसने, ती एका बंद पडलेल्या बेकरीकडून घेतली, आत पलंग केला, चूल बसवली, दोन कपाटं ठोकली आणि मागच्या दाराला ही एवढी मोठी काच लावली. "सकाळी उठल्या उठल्या समुद्र दिसायला पाहिजे तुला," म्हणाला. बारा वर्षं आम्ही त्या गाडीत राहिलो. एप्रिल ते ऑक्टोबर बेटावर, माझी धाकटी बहीण मारूसा आणि तिचा नवरा याकूमिस यांच्या खाणावळीत. मी चुलीपाशी, पांदेलिस टेबलांपाशी. मग बोटीने परत, आणि हिवाळाभर आर्गोसला संत्र्यांच्या वखारीत. दुसरं घर आम्ही ठेवलंच नाही. जे काय होतं ते चार चाकांवर.

गाडी मलाही चालवता येते, चांगली येते. पण बोटीत घालायची वेळ आली की पांदेलिस म्हणायचा, "आर्गिरो, तू उतर." मी पर्स घेऊन उतरायचे. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तरी ते 'उतर' काही गेलं नाही. या एप्रिलमध्ये पिरेआसला एक खलाशी आला, "बाई, तुम्ही उतरा," म्हणाला, माझ्या हातातून चावी घेतली, माझ्या घरात चढला, माझी सीट मागे सरकवली, आणि मी पर्स पोटाशी धरून बाहेर उभी! स्वतःच्या घराबाहेर! अंगाचा नुसता तिळपापड झाला. मनात म्हटलं, बास. परत जाताना मीच घालणार.

मनात म्हटलं होतं तोवर ठीक होतं. मोठ्याने म्हणायला लावलं ते याकूमिसने.

याकूमिस वाईट माणूस नाही. हे आत्ताच सांगते, कारण पुढे मी त्याला शिव्या घालणार आहे. पण एखादी गोष्ट सगळ्यांच्या भल्याची आहे असं एकदा त्याच्या डोक्यात बसलं, की मग तो कोणाला विचारत बसत नाही. ऑक्टोबर लागला, पाहुणे पांगले, खाणावळीत गावचीच माणसं उरली. एका दुपारी त्याने मच्छीमारांच्या टेबलावर भरल्या तोंडाने जाहीर करून टाकलं, "आर्गिरोची गाडी या वर्षी इथेच राहणार. मागच्या अंगणात सिमेंटचे ठोकळे आणून ठेवलेत मी. चाकं काढायची, गाडी ठोकळ्यांवर चढवायची, वर द्राक्षाचा मांडव घालायचा. झाली खोली! ती तिथे राहील, आणि आपली खाणावळ बारा महिने चालेल."

मी डाव हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आले. "आणि मला कोणी विचारलं?"

"विचारायचं काय त्यात? एकटी बाई ऐन थंडीत रस्त्यारस्त्यावर राहणार? तुझ्या काळजीने मारूसाला झोप लागत नाही."

"मारूसा घोरते, याकूमिस. तिच्या घोरण्याने मला झोप लागत नाही."

टेबलावरचे सगळे खो खो हसले आणि ते त्याला झोंबलं. "बरं, जा की मग! गाडी बोटीत कोण घालणार ते सांग. दर वर्षी आम्ही खलाशांच्या विनवण्या करायच्या, आमच्या मेहुणीची गाडी तेवढी आत घ्या हो! जिला स्वतःचं घर चार हात मागे घेता येत नाही, ती निघाली देश फिरायला!"

माझं डोकं सणकलं. "ऐक रे, आणि तुम्हीही सगळे ऐका. या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारच्या बोटीत ही गाडी मी घालणार. मी. चावी कोणाच्याही हातात न देता. नाही जमलं, तर त्याच दिवशी तू तिची चाकं काढ, आणि मी मरेपर्यंत तुझ्या चुलीपुढे उभी राहीन. देवमातेची शपथ!"

हसू थांबलं. आमच्याकडे देवमातेची शपथ कोणी उगाच घेत नाही, घेतली की ती गावाची होते. मारूसाने गुपचूप छातीवर क्रूस काढला. याकूमिस फक्त एवढंच म्हणाला, "ठरलं."

शपथ घेऊन झाली, डाव परत पातेल्यात गेला, आणि मग माझ्या लक्षात आलं की मला रिव्हर्स येत नाही.

नोमिकोस आमच्या बेटाची कचऱ्याची गाडी चालवतो. इथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की त्याचं अर्धं आयुष्य उलटं जाण्यातच जातं. त्याला गाठलं आणि म्हटलं, शिकव. तो डोकं खाजवत म्हणाला, "शिकवतो काकू, पण गावाला कळू द्यायचं नाही. नाहीतर मैदानाभोवती खुर्च्या टाकून बसतील लेकाचे." म्हणून वेळ ठरली दुपारी तीनची. दुपारी जेवून आमचं गाव असं झोपतं की घंटा वाजवली तरी कूस बदलणार नाही. फुटबॉलच्या मैदानावर त्याने बिअरचे रिकामे क्रेट मांडून बोटीचं तोंड तयार केलं. पहिल्या दिवशी मी त्यातले नऊ चिरडले.

"आधी तो उजवा आरसा बसवा, काकू. अर्धी बाजू आंधळी आहे तुमची."

उजवा आरसा ऑगस्टमध्येच फुटला होता. सोड्याच्या बाटल्यांचा ट्रक गल्लीत घासून गेला आणि नुसता दांडा राहिला. अथेन्सला फोन करून नवा मागवला होता मी. बेटावर जे काय येतं ते बोटीने येतं, आणि खाणावळीचं सामान आणायला याकूमिसच त्याची तीनचाकी घेऊन धक्क्यावर जातो. दर बोटीला मी त्याला विचारायचे, "माझा आरसा आला का?" आणि दर बोटीला तो खोकी उतरवता उतरवता म्हणायचा, "नाही आला." अथेन्सवाल्यांना फोन केला तर ते म्हणायचे, पाठवला. आता कोण खरं, कोण खोटं?

"आरसा नसला तर नसला," मी नोमिकोसला म्हटलं. "मागची काच आहे ना माझी! डोक्यावरच्या आरशात बघितलं की काचेतून सगळं मागचं दिसतं."

"काच आहे तोवर ठीक," तो म्हणाला.

अकरा दुपारी घासलं मी. जिकडे गाडीचं ढुंगण न्यायचं तिकडेच स्टेअरिंग फिरवायचं, जास्त डोकं लावायचं नाही. क्लच अर्धा सोडून धरायचा, पायाला कळ लागली तरी सोडायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घाबरलं की थांबायचं. "उभ्या गाडीने आजवर कोणाला चिरडलं नाही, काकू. थांबायचं, श्वास घ्यायचा, बघायचं, मग पुन्हा." आठव्या दुपारी एकही क्रेट पडला नाही. अकराव्या दुपारी मी सलग पाच वेळा आत गेले, आणि शेवटी नोमिकोसने टोपी काढून मला सलाम ठोकला. त्या दिवशी मी खाणावळीत गाणं गुणगुणत कांदे चिरले. याकूमिस दारातून माझ्याकडे बघत राहिला होता. काय बघतोस म्हटलं तर म्हणाला, "काही नाही."

आता तुम्हाला वाटेल, झालं, जमलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण मी बेटाची रीत विसरले. निदान त्या रीतीला जागा किती लागते ते तरी विसरले.

आमच्याकडून कोणी गाडी घेऊन पिरेआसला निघालं, की ती गाडी एकट्याची राहत नाही. गावातल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी अथेन्स-पिरेआसला असतं. शिकणारी मुलं, नोकरीवाल्या सुना, आजारी भाऊ. बाहेरचं तेल त्यांच्या घशाखाली उतरत नाही म्हणे, आणि चीज पाहिजे ते आईच्या हातचंच. मग आदल्या दिवसापासून माणसं येतात. तेलाचे पत्र्याचे डबे, खाऱ्या पाण्यातलं चीज, मधाच्या बरण्या, टोस्टची पोती, सुकलेली अंजिरं, बर्फात घट्ट केलेले ससे. प्रत्येकावर नाव आणि फोन नंबर. बोट लागली की तिकडे धक्क्यावर घरची माणसं उभीच असतात आपापला डबा न्यायला. याला नाही म्हणणारा माणूस आमच्या बेटावर अजून जन्मायचा आहे. मीही नाही म्हटलं नाही. "ठेवा पलंगावर," म्हणाले, आणि आत गेले. बुधवारभर मी याकूमिसच्या शेवटच्या पंगतीचे छोले शिजवत होते, रात्रीही तिथेच आडवी झाले. गुरुवारी सकाळी भांडी घासली, चूल पुसली, मारूसाच्या गळ्यात पडून रडले, ती माझ्याहून जास्त रडली, आणि मग चावी फिरवून गाडी घेऊन निघाले. पुढे जाताना मागे कोण बघतं?

धक्क्यावर अख्खं गाव. कोणी म्हणून घरी राहिलेलं नव्हतं. पाद्रीबुवा त्यांच्या बायकोसकट, मच्छीमार, शाळेचे मास्तर, औषधांच्या दुकानाला कुलूप घालून आलेली दुकानदारीण. नोमिकोस कचऱ्याच्या गाडीच्या टपावर. याकूमिस सगळ्यांच्या पुढे, हाताची घडी घालून. दक्षिणेचा वारा चढत होता, सहावरून सातवर गेला होता, आठ झाला की बोट पुढचे तीन-चार दिवस येणार नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं. बोट वळली, पाठ करून आली, साखळ्या वाजल्या, रॅम्प धाडकन धक्क्यावर पडला आणि लाटेबरोबर वर-खाली घासायला लागला.

ट्रक उतरले, दोन ट्रक चढले. पांढऱ्या मिशांचा खलाशांचा मुकादम माझ्याकडे बोट करून ओरडला, "घर! चल, घर आत!" मी गाडी वळवली, पाठ बोटीकडे केली, रिव्हर्स टाकला, आणि डोक्यावरच्या आरशात बघितलं.

काच नव्हतीच. म्हणजे काच होती, पण काचेत समुद्र नव्हता, बोट नव्हती, मुकादम नव्हता. होते ते डबे, पोती, गाठोडी, छतापर्यंत. आणि सगळ्यांच्या मागे, काचेला अगदी चिकटून, लाकडी गजांची एक जाळी उभी होती. ओळखली मी ती. याकूमिसच्या घरचा पाळणा. मारूसाची मुलगी आनेझिना त्यात झुलली होती, आणि आता तिलाच पिरेआसला दिवस भरत आले होते.

उतरून सगळं बाजूला करावंसं वाटलं. पण मागे बोट, पुढे रांग आणि गाव, शपथ घेऊन बसलेली. डाव्या आरशात बघत क्लच सोडला. डावी बाजू छान सरकत होती. उजवीकडे काय चाललंय ते देवालाच ठाऊक. आणि धक्क्यावरून एकच कल्ला. "डावीकडे घे!" "अगं उजवीकडे, उजवीकडे!" "सरळ, सरळ ये!" "अहो काकू, थांबा!" हा शेवटचा आवाज नोमिकोसचा. मी ब्रेकवर उभीच राहिले. उजव्या खिडकीकडे झुकून बघते तर उजवं मागचं चाक रॅम्पच्या कडेवर, आणि कडेखाली हिरवं पाणी.

मुकादम धावत आला. "उतरा बाई, उतरा! द्या चावी, मी घालतो. कॅप्टन माझा जीव घेईल."

ते आलंच शेवटी. उतरा. चावी द्या.

दुसऱ्या बाजूने याकूमिस खिडकीशी आला. मला वाटलं आता हा दात काढणार. पण तो हसला नाही, तेच जास्त लागलं. हात पुढे करून हळूच म्हणाला, "पुरे, आर्गिरो. पडशील पाण्यात. चल घरी. मारूसाने तुझा पलंग घालून ठेवलाय."

मला त्या क्षणी ते ठोकळे दिसले. चार कोपऱ्यांत चार ठोकळे, वर माझी गाडी, वर द्राक्षाचा मांडव, आणि काचेसमोर कायमची त्याच्या अंगणाची भिंत. रडूच यायचं बाकी होतं. थांबायचं, श्वास घ्यायचा, बघायचं. मी पहिला गिअर टाकला, गाडी चार हात पुढे धक्क्यावर घेतली, इंजिन बंद केलं, चावी काढून घेतली आणि खाली उतरले. गावाला वाटलं, हरले मी. पाद्रीबुवांच्या बायकोने तर "अरेरे" सुद्धा म्हणून टाकलं.

"किती वेळ आहे?" मी मुकादमाला विचारलं.

"दहा मिनिटं. त्याच्यावर एक मिनिट नाही."

मी चावी पोलक्यात खोचली, मागे गेले आणि दार सताड उघडलं. एक अंजिरांची पिशवी माझ्या पायावर पडली.

"पाद्रीणबाई!" मी ओरडले. "हा तुमचा तेलाचा डबा. धरा. अरेरे नंतर म्हणा."

"अगं, मी कुठे धरू? माझी कंबर..."

"कंबर घरून आणलीत ना? मग डबाही उचला! मास्तर, तुमचं चीज! हा ससा कोणाचा? टपटप गळतोय मेला, न्या लवकर! ऐका रे सगळे! तुमच्या या खजिन्यापायी मला मागचं दिसत नाही. आपापलं सामान उचला आणि रॅम्पच्या बाजूला उभे राहा. गाडी आत गेली की चालत वर या आणि जिथे होतं तिथे परत ठेवा. ज्याला उचलायचं नसेल, त्याच्या पोराने या हिवाळ्यात बाजारातलं तेल खावं!"

असं पळालं ना गाव! ज्यांना मी वर्षानुवर्षं कधी लगबगीने चालताना बघितलं नव्हतं, ते पोती खांद्यावर टाकून धावले. एक मच्छीमार ओरडला, "शपथेत मदत घ्यायची ठरली नव्हती हं!"

"चावी कोणाच्या हातात दिसतेय का तुला? मग तोंड मिट आणि ती मधाची खोकी घे!"

गाडी रिकामी होत गेली, आणि शेवटी दाराशी पाळणा राहिला. याकूमिस तिथेच उभा होता.

"हा तू लावलास काचेला?"

"जागा तिथेच होती."

"वर बघून सांग."

त्याने वर बघितलं नाही. पाळणा उचलून काखेत मारला आणि सरळ खाणावळीच्या दिशेने चालायला लागला. "अहो, कुठे निघालात? आनेझिनाला काय सांगू मी?" मारूसा मागून ओरडत राहिली. फुगून गेला असेल, म्हटलं. जाऊ दे. माझ्याकडे पाच मिनिटं होती.

वर चढले, सीट पुढे ओढली, डोक्यावरच्या आरशात बघितलं. काच. काचेत बोटीचं तोंड, आत दोन ट्रक, मधली फट, फटीत हात हलवणारा मुकादम. धक्क्यावर परत कल्ला सुरू झाला, तशी मी खिडकीची काच वर केली. आता ओरडा किती ते. रिव्हर्स. क्लच अर्धा. चाक रॅम्पवर चढलं तशी सगळी गाडी लाटेबरोबर वर गेली आणि खाली आली, कपाटातले पेले किणकिणले. थांबले. श्वास घेतला. ढुंगण जरा उजवीकडे, स्टेअरिंग उजवीकडे. आता सरळ. पायाला कळ लागली, सोडला नाही. लाट गेली की हातभर मागे, लाट आली की थांब. मुकादमाचा चेहरा मोठा मोठा होत गेला, त्याच्या मिशांवरचं पाणी दिसायला लागलं, मग त्याने दोन्ही हात वर केले. मी हँडब्रेक ओढला. डावीकडे ट्रक, उजवीकडे ट्रक, दोन्ही बाजूंना जेमतेम दार उघडण्यापुरती जागा. अंधारात मी मोठमोठ्याने पांदेलिसला शिव्या देत होते. बारा वर्षं! बारा वर्षं मला उतरवत होतास, आणि हे एवढंच होतं?

मुकादमाने बॉनेटवर थाप मारली. "शाबास, बाई! आता तुमच्या त्या वरातीला बोलवा. तीन मिनिटं."

आणि गाव वर आलं. डबे, पोती, बरण्या, गाठोडी घेऊन ओळीने, रॅम्पवर पाय सांभाळत, गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत चालतात तसे. प्रत्येकाने आपलं सामान आत ठेवलं, आणि जाताना कोणी माझ्या गालाचा मुका घेतला, कोणी पाठीत गुद्दा घातला. पाद्रीणबाई डबा ठेवून म्हणाल्या, "माझी कंबर तुटली, पण मजा आली." मारूसाने मला करकचून धरलं. "एप्रिलमध्ये येशील ना गं?"

"येईन. चाकांवर येईन."

मुकादम शिट्टी वाजवायला लागला, माणसं खाली पळाली, साखळ्या ताणल्या. आणि तेवढ्यात याकूमिस. पाळणा छातीशी धरून, धापा टाकत, गर्दीच्या उलट दिशेने रॅम्पवरून वर आला. पाळण्यावर गोधडी घालून दोरीने करकचून बांधली होती. गाडीपर्यंत आला, पाळणा पलंगावर ठेवला. काचेपासून लांब. मग उतरून माझ्यासमोर उभा राहिला.

"पडला असतास रे पाण्यात," मी म्हटलं.

"आनेझिनाला दे. गोधडी... गोधडी सोडून बघ आधी. बोट सुटल्यावर."

"याकूमिस, त्या ठोकळ्यांचं काय करणार?"

"कोंबड्यांचं खुराडं बांधतो," तो म्हणाला, आणि उचलायला लागलेल्या रॅम्पवरून उडी मारून धक्क्यावर पडला. लंगडत का होईना, पण उभा राहिला, म्हणजे पाय मोडला नव्हता.

बोट सुटली. लोक वर जायला लागले, खाली थांबायची परवानगी नसते. मी मुकादमाला म्हटलं, दोनच मिनिटं, आणि गाडीत शिरून दोरी सोडली. गोधडीखाली एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. वर माझं नाव, आणि टपालाचा शिक्का सहा सप्टेंबरचा. फोडायचीही गरज नव्हती, हाताला लागलं तेव्हाच कळलं. तरी फोडलं. उजवा आरसा. नवा कोरा.

सात आठवडे! सात आठवडे हा माणूस दर बोटीला माझ्या तोंडावर 'नाही आला' म्हणत होता. मी त्याच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार केला, मोठ्याने, बोटीच्या त्या अंधारात. मग खाली पलंगावर बसले आणि ढसाढसा रडले. कारण आता त्याला तो द्यायची काही गरज नव्हती. मी आत आलेच होते. त्याने गप्प बसून तो समुद्रात टाकला असता तर मला कधी कळलं नसतं.

मुकादम डोकावला. "बाई, वर चला."

"दोन स्क्रू," मी म्हटलं. पांदेलिसचा स्क्रू-ड्रायव्हर खालच्या खणातच असतो. मुकादम टॉर्च धरून उभा राहिला.

पिरेआसला उतरताना काही करावं लागत नाही, गाडी नाकासमोर सरळ बाहेर पडते. धक्क्यावर बेटाची माणसं आपापल्या डब्यांची वाट बघत उभी होती, आणि त्यांच्यात आनेझिना, हे एवढं पोट घेऊन, कानाला फोन लावून.

"मावशी!" ती धावता येईल तेवढं धावत आली. "बाबा आहेत फोनवर. विचारतायत, नीट पोचलीस का?"

मी इंजिन बंद केलं, दार उघडलं, आणि उतरायच्या आधी एकदा उजवीकडच्या आरशात बघून घेतलं.

"त्यांना म्हणावं," मी म्हटलं, "आरसा आला."